पलीकडच्या तटावरचं बुकिंग

सायकल मोहिमांचे मुक्काम मी बघते. खोल्या, जेवण, अंघोळीचं पाणी आणि रात्री सायकली आत घेता येतील अशी जागा. अष्टविनायक झालं, पंढरपूर तर अनेकदा. नर्मदा परिक्रमा मात्र पहिल्यांदाच आली. सुमारे 3,000 किलोमीटर, 33 दिवस, अकरा सायकलस्वार. त्यांत चार बायका, आणि सगळ्यांत मोठे काका 67 वर्षांचे.

ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प सोडला. प्रत्येकाने छोट्या बाटलीत मैय्याचं जल घेतलं. परिक्रमा पुरी होईपर्यंत ही बाटली जवळ ठेवायची, रोज पूजा करायची. काकांनी ती नॅपकिनमध्ये गुंडाळून हँडलच्या पिशवीत ठेवली होती. रस्ता खराब लागला की त्यांचा एक हात आपोआप पिशवीवर जायचा. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्र येईपर्यंत कुठेही ओलांडायची नाही, हा नियम सगळ्यांना पाठ होता. माहितीपत्रकात तो मीच लिहिला होता.

दुपारी रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी थांबलो. 28 एप्रिल 1740 ला ते इथेच, नर्मदेकाठी गेले. बराच वेळ कुणी बोललं नाही. तिथून पुढे कसरावदपर्यंत सगळं सुरळीत होतं.

कसरावदला चहा घेताना काकांनी विचारलं, "ताई, आजचा मुक्काम महेश्वरला ना? महेश्वर तर पलीकडे आहे."

पोटात गोळाच आला. खोल्या एजंटने घेतल्या होत्या, पण यादी मी तपासली होती. तपासलं काय, तर अंतर, गिझर, पार्किंग. नकाशात मधली निळी रेघ दिसत होती, तिच्यावरचा पूलही दिसत होता. तट बघायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ग्रुपमधला एक तरुण म्हणाला, "सायकली इथेच ठेवू. गाडीतून पलीकडे जाऊन झोपू आणि सकाळी इथूनच सुरू करू." तो दमला होता, त्याचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण काकू लगेच म्हणाल्या, "संकल्प सायकलींनी सोडलाय का? आपण सोडलाय." विषय तिथेच संपला.

साडेपाच वाजून गेले होते. तुळशीची लग्नं झाली की तिकडेही लग्नसराई सुरू होते. दोन लॉजवर फोन केले, दोन्ही वऱ्हाडांनी भरलेले. माझे फोन ऐकून चहावाला म्हणाला, "होटल क्यों ढूंढ रहे हो? नावडाटोली जाओ, आश्रम में आसन लग जाएगा."

अंधारात, सायकलींच्या दिव्यांवर, मागे आमची गाडी, असे पोचलो. दारात कांबळं पांघरलेले एक बाबाजी उभे होते. "नर्मदे हर! कितनी मूर्ति हैं?" परिक्रमेत माणसं नाही, मूर्ती मोजतात.

"ग्यारह. और हम दो गाड़ीवाले हैं, हम गाड़ी में सो जाएंगे."

"तेरह मूर्ति," त्यांनी आत हाक दिली.

मी संकल्प सोडला नव्हता, ड्रायव्हरदादांनीही नाही. तरी आम्ही त्या आकड्यात होतो. मला पटकन काही बोलताच आलं नाही.

पत्र्याचा एक लांब हॉल, सतरंज्या, बायकांसाठी दोरीवर साडी टाकून केलेला आडोसा. सायकली आतल्या भिंतीला ओळीने लावल्या. टायरमधले बाभळीचे काटे चिमट्याने काढताना एका ताईंच्या टायरमध्ये सात निघाले. सॉकेट एकच. दादांनी गाडीतला एक्स्टेंशन बोर्ड आणला आणि दिवे, फोन पाळीपाळीने लावत बसले. अंघोळीला गार पाणी, तेही हापशाचं. "बनाओगे या प्रसादी पाओगे?" असं विचारलं गेलं. परिक्रमावासीयांना शिधा द्यायचा किंवा शिजवलेलं वाढायचं, दोन्ही तिथे चालतं. दिवसभर पायडल मारून आलेल्यांना शिजवायला सांगायचं माझ्या जिवावर आलं. खिचडी पानात पडली, वर कच्चं तेल. तिघांनी चार-चार वेळा घेतली आणि वाढणाऱ्याने एकदाही हात आखडला नाही.

जेवणानंतर घाटावर आले. समोरच महेश्वर. अहिल्याबाईंच्या किल्ल्याखालचे घाट, दिवे, पाण्यात त्यांचं लांबलचक प्रतिबिंब. आमच्या खोल्या त्यातच कुठेतरी होत्या. तेवढ्यात हॉटेलमालकांचा फोन आला, "मॅडम, कब तक पहुँचोगे?" काय झालं ते सगळं खरं सांगितलं. आगाऊ रक्कम गेली असं धरूनच चालले होते. ते जरा थांबले आणि म्हणाले, "समुद्र से लौटोगे तो इसी किनारे से आओगे ना? तारीख बता दो, आगे कर देता हूँ."

हॉलमध्ये परत आले तेव्हा बहुतेक सगळे झोपले होते. काकांच्या उशाशी ती बाटली, समोर विझत आलेली उदबत्ती. सॉकेटजवळच्या उजेडात यादी काढली आणि प्रत्येक मुक्कामापुढे द किंवा उ लिहीत गेले. महेश्वर खोडून बाराव्या दिवशी लिहिलं. समुद्रावरून उत्तर तटावर नेणाऱ्या नावेच्या आदल्या रात्रीपुढे भरूच होतं. भरूच उत्तर तटावर. तेही खोडलं, अंकलेश्वर लिहिलं आणि पहाटे पाचचा गजर लावला.