रोज धुतलेली गाडी

माझं गॅरेज मालवणात, आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. इथे दुचाकीचं काम करायचं म्हणजे निम्मं काम गंजाचंच. मे महिन्यात तर विचारू नका, पोरं गाडी वाळूत घालतात, लाटेच्या कडेकडेने पळवतात, व्हिडिओ काढतात आणि आठवड्याने गाडी माझ्याकडे येते. त्यामुळे गाडी बघितली की ती कुठून आलीय हे मला लगेच कळतं, असं मला अगदी परवापरवापर्यंत वाटत होतं.

गेल्या मे मधली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास छोट्या टेम्पोतून एक काळी १५० सीसी गाडी आली, सोबत पासष्ट-सत्तरचे आबा. पुढचा ब्रेक जाम, चाक हलत नाही. किलोमीटर बघितले तर जेमतेम चार हजार, गाडी तीन वर्षांची. आणि अवस्था म्हणाल तर दहा वर्षं कोळ्याकडे मासे वाहिलेल्या गाडीसारखी. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याच्या पिना धरलेल्या, डिस्कवर खड्डे, चेनच्या कड्या इतक्या आखडलेल्या की चेन काढून हातात धरली तर काठीसारखी आडवी राहिली. हेडलाईटच्या आत वायरी जोडणारे कपलर उघडले तर तांब्याच्या पिनांवर हिरवा थर, अॅलॉय व्हीलवर पांढरे फोड, टाकीच्या खालच्या कडेला जिथे पाणी साचून राहतं तिथे रंग फुगून लाल पावडर गळत होती. लोखंड लाल होतं, अॅल्युमिनियम पांढरं, तांबं हिरवं, तिन्ही रंग एकाच गाडीवर.

मी सरळ बोललो, आणि जरा आवाज चढवूनच बोललो, की आबा, गाडी बीचवर नेता आणि आणून तशीच उभी करता, धुवायला काय होतं? समोर दोन गिऱ्हाईकं उभी होती. आबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मेस्त्री, एक दिवस पण गाडी दर्यार नेवक नाय. रोज धुतंय मी तिका. झिल बोटीर आसा, माझ्या हवाली करून गेलो, तशीच्या तशी त्याका परत देवची आसा माका." झिल म्हणजे मुलगा.

रोज धुतो म्हटल्यावर मला खरंच खोटं वाटलं. पण त्यांचे हात थरथरत होते आणि ते खोटं बोलणाऱ्या माणसाचे हात नव्हते. जाताना एवढंच म्हणाले, "तू ये घराक, बघ कशी धुतंय ती."

पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावून ब्रेक मोकळा केला, चेनसेट कुडाळहून यायचा होता म्हणून जुनीच चेन घालून सांभाळून घरापर्यंत न्या म्हटलं. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. पाच वाजता शटर ओढलं आणि कोळंबच्या खाडीकडे त्यांचं घर विचारत गेलो.

आबांनी गाडी माडाच्या सावलीत लावली, इंजिन गार होईपर्यंत थांबले, हात लावून बघितलं. गरम इंजिनावर आणि सायलेन्सरवर थंड पाणी मारू नये हे मी रोज दहा जणांना सांगतो आणि नऊ जण ऐकत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं, चावीच्या भोकावर टेप लावली. आधी नुसतं पाणी सोडून माती-वाळू सुटू दिली, फडकं लगेच लावलं नाही, कारण वाळूवर फडकं फिरवलं की टाकीवर बारीक बारीक रेघा पडतात आणि त्या परत जात नाहीत. मग वरून खाली, टाकी, सीट, साईड पॅनल, शेवटी चाकं, आणि चाकांचं फडकं वेगळं. कपड्याची पावडर नाही, गाडीचा शॅम्पू. बेअरिंगवर आणि हँडल ज्यावर वळतं त्या कोनसेटवर जोराचा पाईप नाही, तांब्याने पाणी. सर्व्हिसिंग स्टेशनला प्रेशरने आतलं ग्रीस धुऊन काढणारे मी बघितलेत, त्यांच्यापेक्षा हा माणूस शंभर पटीने बरा. खरं सांगतो, मला एकही चूक सापडली नाही आणि सकाळी चारचौघांत काय बोललो ते आठवून मान खाली गेली.

एक गोष्ट मात्र खटकली. शॅम्पू भरपूर ओतूनही फेस म्हणावा तसा येत नव्हता. तेवढ्यात घरातून काकी बाहेर आल्या, मी सहज म्हटलं फेस कमी येतो हो, तर त्या म्हणाल्या, "ह्या पाण्यात साबणाक पण फेस येणा नाय, आमी पिवच्याक नळाचाच पाणी घेतो." मी इंजिनाकडे बघितलं. हाताला गार लागलं तरी आत थोडी ऊब उरली होती, फिन्सवरचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या पट्ट्यांवरचे थेंब माझ्यासमोर सुकत होते आणि प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी गोल कडा उरत होती, मधे काही नाही, नुसती कडा. बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट.

धुवायचं पाणी घरच्या विहिरीचं, आणि विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पूर्वी रहाटाने पाणी काढायचे तेव्हा गोडं होतं, चार वर्षांपूर्वी मोटर बसवली आणि बागेला पाणी सुरू झालं. आपल्या किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, गोडं हलकं म्हणून. उपसा वाढला की वरचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर चढतं, आणि एप्रिल-मे मध्ये तर हमखास. हळूहळू होतं म्हणून रोज वापरणाऱ्याला कळत नाही, पाणी मचूळ झालंय एवढंच म्हणतात.

आबांना पटावं म्हणून काकींकडून दोन वाट्या घेतल्या, एकीत विहिरीचं पाणी, एकीत नळाचं, आणि दोन्ही चुलीवर आटवल्या. नळाच्या वाटीत पुसट डाग राहिला. विहिरीच्या वाटीत तळाला पांढरा खडबडीत थर, नखाने खरवडला तर निघाला. (दुसऱ्या दिवशी फिल्टर बसवणारा ओळखीचा पोरगा मीटर घेऊन गेला. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षारांपर्यंत बरं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. इथे २००० च्या वर.)

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, विहिरीत तेवढं नव्हतं हे उघड आहे. पण समुद्रावर माणूस गाडी वर्षातून चारदा नेईल, आबा तीन वर्षं रोज दोन बादल्या ओतत होते. पाणी उडून जातं, मीठ राहतं, उद्या त्यावर अजून थोडं. आणि मीठ एकदा बसलं की वरून पाणी लागतही नाही, पावसाळ्यात मिठाची बरणी कशी आपोआप पाझरते, तसंच ते रात्रीच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कपलरच्या आत, चेनच्या कडीत ओलंच राहतं. म्हणजे गाडी झाकून ठेवली तरी गंज चालूच.

आबा वाटीकडे बघत बसले. "म्हणजे माझ्याच हातान कुसली ती?" मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं, पाण्याने कुसली आबा, हाताने नाही, एवढ्या निगुतीने धुणारा माणूस मी बघितला नाही, आणि सकाळी मी जे बोललो त्याबद्दल माफ करा. ते काही बोलले नाहीत, माझ्या हातावर हात ठेवला.

मग ठरवलं ते असं. रोज धुवायचं बंद, आठ दिवसांनी एकदा. शेवटचं धुणं नेहमी नळाच्या नाहीतर पावसाच्या पाण्याचं, पागोळीखाली पिंप लावलं की पावसाळाभर चिंता नाही. धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, दोन-तीन किलोमीटर चालवून आणायची, वाटेत हळूहळू ब्रेक दाबत म्हणजे ते पण सुकतात. चेन इंजिन बंद ठेवून रॉकेल आणि ब्रशने साफ, पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल. आणि गंज नको म्हणून अख्ख्या गाडीला डिझेल मारायचं नाही, कितीही लोक मारत असले तरी. रबर फुगतं, धूळ चिकटते, आणि डिस्कवर थेंब गेला तर ब्रेक लागत नाही.

तेव्हापासून खाडीकडचं गिऱ्हाईक आलं की मी गंजाबद्दल बोलायच्या आधी विचारतो, धुता कुठल्या पाण्याने? आजपर्यंत अजून तीन घरं सापडली.

त्या संध्याकाळी निघायच्या आधी काकींनी स्वतःहून पिण्याच्या पाण्याची कळशी आणून दिली. मी नको म्हणत होतो, नळ दिवसाआड येतो, पण ऐकेनात. आबांनी तांब्यातांब्याने, एकही थेंब वाया जाणार नाही असं, टाकीपासून खालपर्यंत पाणी सोडलं. पुसून घेतली, फिन्समधलं तेवढं तसंच सुकू दिलं. पांढऱ्या कडा उठल्या नाहीत. आबांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

"गोडा आसा रे, मेस्त्री."