बोर्डामागचा कारभार

संकष्टीच्या संध्याकाळी जिन्यात माशांचा वास येतोय, अशी तक्रार करायला शेजारच्या काकूंचा फोन आला. डोंबिवलीतला आमचा जुना फ्लॅट मालवणकडच्या एका तरुण जोडप्याला भाड्याने दिलाय, एवढा पुरावा काकूंना पुरेसा होता. मी जरा चाचरतच भाडेकरूला फोन लावला. "काकू, आम्ही मासे खातो, नाही कशाला म्हणू? पण आज साबुदाण्याची खिचडी आहे," तो म्हणाला. "आणि वास आम्हालाही येतोय. दाराजवळच्या बोर्डातून."

वायरमनला याचं काडीचंही नवल वाटलं नाही. जुन्या सॉकेटचं ते पिवळट पडलेलं प्लॅस्टिक, युरिया-फॉर्मल्डिहाइडचं, आतून तापलं की थेट मासळी बाजारासारखा वास सोडतं. "वहिनी, असा वास आला की आधी मेन बंद करायचा. कोणी काय शिजवलंय ते मग बघायचं." आमच्या बिल्डिंगमध्ये क्रम उलटा होता. गंमत म्हणजे गुन्हेगार खिचडीच निघाली. गॅस संपला म्हणून ती इंडक्शनवर चढवली होती, आणि इंडक्शनचा तो जाडजूड प्लग कन्व्हर्टर लावून हॉलमधल्या लहान सॉकेटमध्ये खोचला होता. सॉकेट 6 अँपिअरचं. 230 व्होल्टने गुणलं तर पुरते चौदाशे वॅटही होत नाहीत, आणि इंडक्शन मागतो 2000.

त्याला तरी काय बोलणार? स्वयंपाकघरात मोठा पॉइंट होता तो फ्रिजने अडवलेला. ही बिल्डिंग सत्तरच्या दशकाच्या शेवटची. तेव्हा घराची विजेची भूक ती केवढी! साठचा एक बल्ब, चाळीसची ट्यूब, पंचाहत्तरच्या आसपासचा पंखा आणि रेडिओ. सगळं एकदम लावलं तरी 200 वॅटच्या घरात. इस्त्री हाच काय तो चैनीचा भाग, आणि ती सुरू असताना दुसरं काही लावायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. मिक्सर, वॉशिंग मशीन, राउटर, दोन लॅपटॉप हे सगळे नंतरचे पाहुणे. प्रत्येकाला कुठूनतरी एक वायर ओढून बसवून घेतलेलं.

बोर्डाचे चार स्क्रू काढले आणि वायरमनने तो अलगद पुढे ओढला. आधी पालीची दोन अंडी पडली. त्यांच्या मागे लाकडी पेटीत वायरींचा जो गुंता होता, त्यात आमच्या संसाराचा सगळा इतिहास थराथरांनी दिसत होता. मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी, त्यांना पीळ देऊन जोडलेली तांब्याची वायर, वर काळी टेप, टेपचा डिंक वितळून झालेला चिकटा. अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याचा असा नुसता पिळाचा जोड फार दिवस टिकत नाही. गंज धरतो, सैल होतो, तापतो. बाहेरून मात्र सगळं कसं छान. नव्वदच्या दशकात आम्हीच काळी बटणं काढून हायलमच्या शीटवर अँकरची पियानो बटणं बसवून घेतली होती आणि घर नवं झालं म्हणून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

भाड्याच्या जागांमध्ये ही चाल अजून सर्रास चालते. भिंतींना रंग काढायचा, पांढऱ्या मॉड्युलर प्लेटा ठोकायच्या आणि जाहिरातीत "संपूर्ण नूतनीकरण केलेला" असं लिहायचं. मागे वायर तीच. मला हा प्रकार चक्क लबाडीचा वाटतो. प्लेट बदलायला एक दुपार पुरते आणि भाडं लगेच वाढवून मागता येतं. वायर बदलायची तर भिंत फोडावी लागते, धूळ होते, आणि झाल्यावर पाहुण्यांना दाखवायला काही उरत नाही.

वायरमनने टेस्टर घेऊन घरभर फेरी मारली. भाडेकरूच्या बायकोची एक जुनी शंका होती: बेडरूममधला एलईडी बंद केला तरी रात्रभर मिणमिणत असतो. तिने तो विषय सासूकडे काढला नव्हता, कारण सासूने लगेच नारळ फोडायला लावला असता. कारण साधं निघालं. बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीवर असायला हवं, ते कोणीतरी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर घेतलं होतं. म्हणजे बटण बंद, दिवाही बंद, पण होल्डरमध्ये करंट हजर. जुन्या पिवळ्या बल्बने हे कधीच दाखवलं नसतं. एलईडीला थेंबभर वीजही पुरते म्हणून चोरी पकडली गेली. मेन स्विचजवळही तीच तऱ्हा. चिनी मातीचे दोन फ्यूज, एक फेजला, एक न्यूट्रलला. पूर्वी असंच करत. न्यूट्रलचा उडाला की घरात अंधार होतो आणि वायरी मात्र जिवंतच राहतात.

त्या फ्यूजचं एक मात्र मान्य करायला हवं: त्याच्यामुळे शेजार टिकून होता. लाईट गेले की पहिल्यांदा दार उघडून "तुमचे आहेत का?" असं विचारायचं. सगळ्यांचे गेले असतील तर एमएसईबीच्या नावाने एकत्र बोटं मोडायची. (मंडळाचं विभाजन होऊन 2005 साली महावितरण आली, पण शिव्या अजून जुन्याच पत्त्यावर जातात.) फक्त आपलेच गेले असतील तर स्टूल, मेणबत्ती आणि फ्यूजची तार. तार नसेल तर वायरीतले दोन-तीन तांब्याचे तंतू, आणि सारखा उडतो म्हणून चिडलेला गृहस्थ असेल तर चांगले सात-आठ. मग फ्यूज उडायचा बंद व्हायचा, आणि त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापायची.

आता फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, बसवायचं ठरलं. दिव्यांना दीड एमएमची वायर, प्लगना अडीच, गीझरला स्वतंत्र चारची. अर्थिंगची हिरवी वायर तीन भोकांपैकी वरच्या भोकापर्यंत खरोखर पोचलीय ना, हे मी उभं राहून तपासून घेतलं. कारण जुन्या सॉकेटात ते भोक नुसतं शोभेला होतं. वीजबिलावरचा मंजूर भार बघून तो वाढवायचा अर्जही केला. पॉइंटमागे किती, यावर रीतसर घासाघीस झाली.

आरसीसीबीपाशी गाडी अडली. एवढ्याशा डबीचे एवढे पैसे? "एमसीबी वायर वाचवतो, वहिनी. हा माणूस वाचवतो," वायरमन म्हणाला. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीकडे निघालीय, असं समजून डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं तोडतो. यावर घासाघीस करायला मला तोंड राहिलं नाही.

काम संपलं, भिंती बुजवल्या, काकूंना रीतसर बोलावून सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच भाडेकरूचा फोन. "काकू, नवीन बोर्ड खराब निघाला. आंघोळीला पाणी तापवायला घेतलं की पूर्ण घराचे लाईट जातात." वायरमन येऊन गेला. बोर्ड ठणठणीत होता. गीझरच्या कॉइलमधून वीज गळत होती, कधीपासून कोण जाणे. जुन्या फ्यूजला त्याचा पत्ताच लागला नव्हता.

गीझर भाडेकरूचा असावा अशी मला क्षणभर आशा वाटली. करार काढून बघितला. सोबतच्या यादीत दुसऱ्याच ओळीत आहे: गीझर, नग 1, मालकाचा.