तुम्ही विचारलंत म्हणून: मी स्वतः काय घेते?

पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग काही केल्या डोळा लागत नाही, हे गाऱ्हाणं घेऊन आमच्या औषधाच्या दुकानात बरीच माणसं येतात. बोलता बोलता त्यांना कळतं की मलाही तोच त्रास आहे. मग काउंटरवर थोडं पुढे वाकून, आवाज खाली आणून विचारतात, "मग तुम्ही स्वतः काय घेता?" मागच्या फळ्यांवर एवढ्या गोळ्या रचलेल्या दिसतात, त्यातली एखादी खात्रीची मी घरी नेत असणार, असं त्यांना वाटतं. विचारणारे बहुतेक मालवण तालुक्यातले, साठी ओलांडलेले, मुलं मुंबई-पुण्याला आणि घरात दोनच माणसं, कधी एकच. त्यांना घाईघाईत उत्तर देऊन पाठवणं मला जमत नाही, म्हणून इथे नीट लिहिते. मी गोळी घेत नाही. पण बाकी बरंच काही करते.

मुळात त्या वेळी जाग का येते, ते आधी सांगते. रात्रीची झोप सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी होते. गाढ झोप पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच बहुतेक उरकते आणि पहाटेकडे उरते ती हलकी झोप आणि स्वप्नं. एक फेरी संपून दुसरी सुरू होताना माणूस क्षणभर जागा होऊ शकतो, फक्त सकाळी त्याला ते आठवत नाही. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, त्यानेच रात्री डोळे जडावतात. तीन-चार वाजेपर्यंत ते बरंचसं ओसरलेलं असतं. त्याच सुमाराला अंगाचं तापमान तळाला जाऊन पुन्हा चढू लागतं आणि उठण्याच्या तयारीचं कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढू लागतं. म्हणजे त्या वेळी जाग येणं सोपं आणि परत झोप लागणं अवघड, अशीच शरीराची घडण आहे. हे समजल्यावर माझ्या मनातली निम्मी धास्ती गेली. तोपर्यंत मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

आता हिशेबाचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडकलेली असतात.

पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या. अशाच एका संध्याकाळी एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, दुकानात आले. उभा जन्म समुद्रावर गेलेला, आता वल्हं मुलाच्या हातात. बाकड्यावर बसले, खिशातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढली आणि अंगठ्याने तिची एकेक खोबण दाबत राहिले, जणू एखादी गोळी आत राहिली असेल.

"तीनाक डोळे उघडतत. मगे उजाडापर्यंत या कुशीवरसून त्या कुशीवर. कायतरी जालीम गोळी आसा काय?"

मी विचारलं, "रातीक आडवे कितीक वाजता पडतास?"

"पावसात दुसरा काय करतलंय? सातांक जेवान, आठाक आडवो."

"आणि दुपारी?"

"जेवल्यार पडतंय जरा. चारांक चाय."

मी बिलाच्या मागे लिहून दाखवलं. रात्री आठ ते तीन, सात तास. दुपारचे दोन. चोवीस तासांतले नऊ तास झोप झालेली. त्या वयाला सात-आठ तास भरपूर होतात. त्यांची झोप पूर्ण होत होती, फक्त ती उजाडायच्या आधीच संपत होती. ते कागदाकडे बघतच राहिले. आयुष्यभर भरतीच्या वेळेवर झोपलेला माणूस तो. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, आणि होडी कधी काढायची ते त्यावर ठरतं, त्यामुळे झोपेचा तास बांधलेला असा कधी नव्हताच. होडीवर तुकड्या-तुकड्यांनी झोपले, तेव्हा कुणी मोजायला बसलं नाही. घरी बसल्यावर पहिल्यांदाच रात्र लांब वाटू लागली.

त्यांना दिला तो सल्ला तुम्हालाही देते. उठायची वेळ आधी पक्की करा, ती रविवारी आणि गणपतीतही बदलू नका. तिथून मागे मोजा. पाचला उठायचं असेल तर दहाच्या आधी अंथरूण धरू नका. दुपारी पडायचंच तर तीनच्या आत, अर्ध्या तासाहून जास्त नको. अंथरुणातला वेळ आणि खरी झोप यांचं माप जुळवणं ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे, 1987 मध्ये झोपेचे अभ्यासक स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. मात्र साडेपाच तासांच्या खाली कुणी जाऊ नये. होडीवर जाणाऱ्यांनी, गाडी चालवणाऱ्यांनी, फिट येणाऱ्यांनी किंवा मनाच्या आजाराचं औषध चालू असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दिवसा डुलकी लागली तर जिवावर बेतेल.

दहापर्यंत जागायचं कसं, हा पुढचा प्रश्न, कारण आठलाच जांभया सुरू होतात. इथे आपल्या किनाऱ्याचा मोठा उपयोग आहे. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे मावळतीचा उजेड शेवटपर्यंत समोर असतो. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. संध्याकाळचा उजेड ते थोडं मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते आणि जागही उशिरा येते. जूनमध्ये इथे सूर्य सातनंतर बुडतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमाराला. त्या वेळी दारं लावून देवघरासमोर पेंगत बसण्यापेक्षा समुद्रकिनाऱ्यावर जा, काळोख पडेपर्यंत तिथेच बसा, चार माणसांशी बोला. पावसात जाता येत नसेल तर खळ्याकडच्या पडवीत मोठा दिवा लावून बसा. आणि पहाटे नेमकं उलट करायचं. साडेतीनला उठून स्वयंपाकघरातली ट्यूब लावलीत की घड्याळ आणखी अलीकडे येतं, उद्या सव्वातीनला जाग येते.

काही जण म्हणतात, ब्राह्ममुहूर्त आहे, उठलेलं चांगलंच. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी सुरू होतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे तो येतो साडेपाचच्या आसपास. जूनमध्येसुद्धा सव्वाचारच्या आधी नाही. तीन वाजता उठून आंघोळ करणाऱ्या माणसाला शास्त्रानेही झोपायला सांगितलेलं आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी पहिल्यांदा घड्याळ काढून टाकलं. खोलीत घड्याळ नाही, मोबाइल स्वयंपाकघरात. तीन वाजलेत हे दिसलं की मन लगेच वजाबाकी करतं, आता दोनच तास उरले, उद्या दुकानात काय होणार, आणि त्या वजाबाकीनेच उरलीसुरली झोप उडते. मला किती वाजले ते कळतंच, पण उशिरा. गावात वस्तीची एसटी असते, ती पहाटे सुरू केली की तिचा आवाज घरापर्यंत येतो. ती माझी उठायची वेळ. त्याच्या आधी जो काही वेळ असेल तो फक्त काळोख आहे, त्याला आकडा नाही.

जाग आल्यावर थोडा वेळ पडून राहते. अंग सैल असेल, विचार इकडून तिकडे भरकटत असतील, तर तसंच पडून राहायचं, ती विश्रांतीच असते. पण एकदा का मन उधारीच्या वहीत शिरलं, मुलाच्या नोकरीत शिरलं, कौलं बदलायची राहिलीत तिथे गेलं, की मी उठते. अंथरुणात पडून काळजी करायची नाही, हा नियम मी मोडत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये हे सांगितलं: झोप येत नसेल तर अंथरूण सोडा, आणि डोळे जड झाल्यावरच परत या. नाहीतर अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, अशी अंगाला सवय लागते. गोळीच्या आधी या सवयींवर आधारलेले उपचार करावेत, अशी शिफारस 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही केली. आमच्या खेड्यात त्याचं शिक्षण घेतलेला माणूस कुठून मिळणार? पण हा एवढा भाग घरच्या घरी करता येतो.

उठून मी पडवीत बसते. झीरोचा बल्ब, तोही पाठीमागे. समोर कापसाचा डबा. मी वाती वळते. कापसाचा पुंजका घ्यायचा, त्यातली सरकीची काळी कणी बोटाला लागली की काढायची, पुंजका विरळ पसरायचा आणि तळव्यावर ओढत न्यायचा. काम असं आहे की डोळ्यांनी बघावं लागत नाही, बोटांना कळतं कुठे जाड झाली, कुठे तुटेल. लक्ष थोडं लागतं, पण विचार करावा लागत नाही. पुस्तक मी घेत नाही, आवडलं तर ते उजाडेपर्यंत धरून ठेवतं. टीव्ही, भाजी चिरणं, हिशेब, काही नाही. चहा तर नाहीच. तीनला उठून रोज चहा केला की पोट त्या वेळेला वाट बघायला लागतं. बऱ्याचदा काही वेळाने मान खाली जाते, हातातली वात तशीच राहते, आणि मी उठून आत जाते. कधी जात नाही. मग एसटी ऐकते आणि दिवस सुरू करते. अशा दिवशी मी दुकान वेळेवर उघडते आणि काम ठीक होतं. रात्री मात्र लवकर झोपून भरपाई करत नाही. ती भरपाईच पुढच्या पहाटेला महागात पडते.

काळज्यांचं एक काम मी संध्याकाळी करते. जेवणाआधी कागदावर लिहिते, काय काय उरलंय आणि त्यातलं उद्या काय करायचं. पहाटे तोच विचार आला की मनाला सांगता येतं, ते लिहून ठेवलंय.

आता गोळ्यांबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच होता. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गोळ्या एच-वन वर्गात, म्हणजे औषधांच्या नियमांतल्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या यादीत येतात. 1 मार्च 2014 पासून त्या देताना डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, शेजारी असलात तरी नाही. त्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, आणि रात्री परसाकडे जाताना पायरीवर पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी बघितली आहेत. पण तुम्ही आधीपासून रोज घेत असाल तर माझं हे वाचून एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते. सर्दीची गुंगी आणणारी गोळी झोपेसाठी घेणारेही येतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्याची लघवी त्याने तुंबू शकते आणि म्हातारपणी डोकं गोंधळतं. आणि संध्याकाळी "जराशी" दारू घेतली की झोप छान लागते म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ती लावते खरी, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तीच मोडते. चहाचंही लक्षात ठेवा. पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दहाच्या सुमारालाही अंगात असतं.

कित्येकदा जाग येण्याचं कारण आपल्याच गोळ्यांच्या डब्यात सापडतं. रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारा भाग असेल आणि ते रात्री घेत असाल, तर उठावं लागणारच. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तरी झोप उडते. वेळ सकाळची करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदलू नका.

बायकांशी मी वेगळं बोलते, कारण त्या स्वतःहून बोलत नाहीत. पाळी जाण्याच्या वयात पहाटे अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन जाग येते, मान आणि पाठ भिजते. मलाही होतं. मे महिन्यात इथे रात्रीही पारा फारसा उतरत नाही, दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. सुती साडी, सुती चादर, पायाशी पंखा आणि उशाशी ओला पंचा, एवढ्याने बरंच बरं वाटतं. फार होत असेल तर त्यावर उपचार आहेत. "वयाचं आहे" म्हणून सोसत बसू नका.

एक लक्षण मी कधीच सहज घेत नाही. पहाटे जाग येते, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं, सकाळ सगळ्यात जड जाते, आवडीचं माशाचं कालवणही गोड लागत नाही, कुणी भेटू नये असं वाटतं, आणि हे दोन आठवडे चाललंय. ते नैराश्य असू शकतं, आणि ते वाती वळून जात नाही. मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्यांमध्ये हे मी फार बघते. डॉक्टरांकडे जा. जाणं जमत नसेल तर 14416 वर फोन लावा, ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, फुकट आहे, मराठीत बोलतात आणि पहाटे तीनलाही उचलतात. जगू नये असं मनात येत असेल तर उजाडायची वाट बघू नका, घरच्यांना उठवा. घोरता घोरता श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर तेही वेगळं दुखणं आहे आणि त्याची तपासणी होते.

बाकीच्यांनी पंधरा दिवस एक कागद ठेवा. अंथरुणावर किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, दुपारी झोपलात का, चहा कधी घेतला. वेळ अंदाजाने लिहा, आणि तीही सकाळी, रात्री घड्याळ बघून नको. तो कागद आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. आधी दुकानात आलात तरी चालेल. दुपारी दोन ते चार गर्दी नसते, तेव्हा बसून बघू.