प्रश्न उद्भवत नाही

लोकांना वाटतं सरकारी कागदावर 'हे खरे आहे' लिहिणं सोपं असतं. तसं नाही. 'हे खरे नाही' लिहायला खालून आलेला एक अहवाल पुरतो. 'हे खरे आहे' लिहिलं की फाइल वर जाताना प्रत्येक टेबलावर थांबते आणि प्रत्येक साहेब विचारतो, "असं लिहायलाच हवं का?"

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी आहे. खातं सांगत नाही. अधिवेशन आलं की आमदारांच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं आमच्या कार्यासनावर जन्म घेतात. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आणि या साच्याची गंमत अशी की पहिल्या भागाला 'हे खरे नाही' म्हटलं की उरलेल्या तिन्ही भागांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिता येतं. एका ओळीत चार भागांची वाट लागते. नव्या सहायकाला मी हे शिकवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत आदर दिसतो. पूर्वी मला त्याचा आनंद व्हायचा.

तो प्रश्न नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातला. विचारणारे आमदार सातपुड्यातले, म्हणजे राज्याच्या पार उत्तर टोकाचे. नंदुरबार जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा आणि चारही अनुसूचित जमातींसाठी राखीव. २०११च्या जनगणनेत तिथली जवळपास ६९ टक्के वस्ती आदिवासी. मुंबईच्या वर्तमानपत्रांत हा भाग वर्षातून दोनदा येतो. कुपोषणाचे आकडे आले की एकदा आणि बाळंतीण झोळीतून नेल्याचा फोटो आला की एकदा. त्या फोटोला 'बांबुलन्स' असं चटपटीत नावही मिळालं आहे. ज्याने ते काढलं त्याने बांबूचं एक टोक खांद्यावर घेतलं नसणार.

प्रश्न असा होता: अमुक गावात रस्ता नसल्याने प्रसूतीसाठी एका महिलेस बांबूच्या झोळीतून न्यावे लागले, हे खरे आहे काय.

आधी तो आमच्याकडे आलाच नव्हता. पहिल्या खात्याने 'रस्त्याचा विषय' म्हणून दुसऱ्याकडे ढकलला, दुसऱ्याने 'वनजमिनीचा' म्हणून तिसऱ्याकडे. प्रश्न वर्ग करण्याचा हा खेळ अधिवेशनाआधी पंधरा दिवस जोरात चालतो आणि त्यात आमची माणसं जी चपळाई दाखवतात ती एरवी कुठे असते कोण जाणे. शेवटी तो माझ्या गळ्यात पडला, कारण त्या दिवशी आमचे अवर सचिव रजेवर होते.

जिल्ह्यातून अहवाल आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर, सहीच्या कागदाचा तिरका फोटो. त्यातली तीन वाक्यं मला पाठ आहेत. 'सदर गाव बारमाही रस्त्याने जोडलेले आहे. नातेवाइकांनी स्वेच्छेने झोळीचा वापर केला. माता व बालक सुखरूप असल्याने तक्रारीस वाव नाही.'

'स्वेच्छेने' या शब्दावर मी थांबलो होतो, हे खोटं सांगत नाही. फोन केला. पलीकडचा माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "साहेब, गावठाणापर्यंत डांबरी आहे. बाई वरच्या पाड्यावरची. पण प्रश्नात गाव म्हटलंय ना?"

म्हटलं होतं. सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी घरं नव्हेत. टेकड्यांवर विखुरलेले पाडे असतात आणि त्या सगळ्यांचं मिळून एक महसुली नाव असतं. खालच्या पाड्याला रस्ता पोचला की कागदावर आख्खं गाव जोडलं जातं. या गावात सात पाडे. रस्ता पाचांना. मी उत्तर लिहिलं, 'हे खरे नाही', आणि सात-पाचाचा तपशील पूरक टिपणीत तिसऱ्या पानावर ठेवला. पूरक टिपणी फक्त मंत्र्यांच्या हाती असते, उपप्रश्न आले तर वाचायला. कुणीही माझ्यावर बोट ठेवू शकणार नाही असं ते उत्तर होतं. अधिवेशनाला आलेल्या कर्मचाऱ्यांना उतरायला असलेल्या नागपुरातल्या '१६० गाळ्यां'तल्या खोलीत रात्री एक वाजता, अंगावर दोन स्वेटर घालून, मी ते स्वतःलाच वाचून दाखवलं आणि झोपलो.

यादीत प्रश्न खाली होता. प्रश्नोत्तराच्या तासात तेवढ्यापर्यंत गाडी सहसा पोचत नाही. गोंधळ होतो, सभागृह तहकूब होतं आणि अधिकारी गॅलरीत बसलेले आम्ही मनातल्या मनात विरोधकांचे आभार मानतो. त्या दिवशी कुणी घोषणा दिल्या नाहीत. प्रश्न पुकारला गेला.

आमदार उभे राहिले. आवाज चढवला नाही. "अध्यक्ष महोदय, छापील उत्तर सांगतं हे खरं नाही. मला मंत्रिमहोदयांना एवढंच विचारायचंय, सरकारच्या हिशेबात गाव म्हणजे गावठाण का गावातली माणसं?"

मंत्र्यांनी टिपणीचं तिसरं पान उघडलं आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "सातपैकी पाच पाडे जोडलेले आहेत."

"म्हणजे दोन राहिले."

सभागृहात दोन्ही बाजूंनी हशा पिकला. मंत्र्यांनी गॅलरीकडे पाहिलं. ही नजर आमच्या धंद्यातली सगळ्यात महाग गोष्ट. चिठ्ठी लिहायला तुमच्याकडे पाव मिनिट असतं. तेवढ्यात मी 'दोन पाडे बाकी, उत्तरात दुरुस्ती करतो' असं लिहू शकलो असतो. माझ्या हाताने लिहिलं: 'गाव म्हणजे महसुली गाव. उत्तर योग्य आहे.' शिपाई ती घेऊन गेला.

मंत्र्यांनी वाचली, चुरगळली आणि खिशात टाकली. म्हणाले, "दोन पाडे राहिलेत हे मान्य आहे. आजच दालनात बैठक घेतो, सन्माननीय सदस्यांनी यावं."

मंत्र्यांना आम्ही आमच्या डब्यावर बसून काय काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी मला त्यातले बरेच शब्द परत घ्यावे लागले.

बैठकीत दोन मंत्री आणि तीन खात्यांचे अधिकारी होते. रस्त्यांच्या साहेबांनी नियम सांगितला: प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत डोंगरी आणि अनुसूचित क्षेत्रातली वस्तीसुद्धा किमान २५० लोकसंख्येची लागते, हे दोन पाडे त्यात बसत नाहीत. वनविभागाचे साहेब म्हणाले, जमीन वनाची आहे, प्रस्ताव प्राप्त नाही.

आमदारांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं जात असतील तर रस्त्यासारख्या सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर जमीन देता येते. "पाच मीटर रुंदी धरा. दोन किलोमीटरला बरोबर एक हेक्टर होतं. वरचा पाडा दीड किलोमीटरवर आहे, साहेब. आम्ही पावलांनी मोजलंय." खाली ग्रामसभेचा ठराव, त्यावर वनविभागाच्याच कार्यालयाचा आवक शिक्का. शिक्क्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. साहेब तो शिक्का इतका वेळ बघत राहिले की मला त्यांची कीव आली. मग मला माझी आली, कारण वीस वर्षं नोकरी करून हे पाच मीटर आणि एक हेक्टरचं गणित मी कधी मांडून पाहिलं नव्हतं.

बाहेर पडताना आमदारांनी मला गाठलं. हक्कभंगाची धमकी येणार असं वाटलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. "उत्तर तुम्हीच लिहिता ना? बघून ठेवा."

फोटोत एक बांबू, त्याला दोन्ही टोकांना गाठी मारून बांधलेली निळी गोधडी. पुढे दोघं, मागे दोघं. मागच्याच्या खांद्यावर दुमडलेला टॉवेल. एक म्हातारी बाजूने स्टीलचा डबा घेऊन चाललेली. झोळीत बाई दिसत नव्हती. फक्त आतून एक हात वर आला होता आणि त्याने बांबू घट्ट धरला होता. काचेच्या हिरव्या बांगड्या.

"यातलं स्वेच्छेने कुठलं, ते मला दाखवा," ते म्हणाले. हा शब्द छापील उत्तरात नव्हता, फक्त अहवालात होता. त्यांच्यापर्यंत तो कसा पोचला, मला अजून कळलेलं नाही. फोनवरचा तो प्रामाणिक माणूस अधूनमधून आठवतो.

मार्चच्या अधिवेशनात त्यांचा प्रश्न पुन्हा आला. शब्द न शब्द तोच, फक्त 'गावात'च्या जागी 'पाड्यावर'. रस्त्याची आखणी तेव्हा नुकती झाली होती, काम नव्हतं. यावेळी मी पहिल्या भागासमोर लिहिलं, 'हे खरे आहे.' पुढचे तीन भाग मग लिहावेच लागले. दीड पान झालं.

फाइल तीन दिवसांनी खाली आली. माझ्या वाक्यात 'खरे'च्या आधी पेन्सिलीने एक शब्द घातला होता: अंशतः.

मी वर गेलो. विचारलं, साहेब, यातला कुठला अंश खरा नाही?

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "तसं काही नाही रे. असू दे. जागा राहते."