गाडीला किल्ली लावण्याआधी बोटाला सुई

मला टाइप १ मधुमेह आहे आणि मी घाटकोपरहून फोर्टला मोटारसायकलने कामाला जातो. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने दुचाकी चालवावी की नाही, यावर घरात बरीच वादावादी झाली. शेवटी प्रश्न डॉक्टरांपुढे गेला, तेव्हा त्यांनी सरसकट मनाई न करता, शुगर कधी आणि कशामुळे उतरते हे आधी शोधू, मग गाडीचे ठरवू, अशी भूमिका घेतली.

रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी आणि ५४ च्या खाली गेली की धोक्याची, हे आम्हा रुग्णांना पाठ असते. घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, भूक लागणे ही लक्षणेही पाठ असतात. अडचण अशी, की मे महिन्यात पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट घालून शीवच्या कोंडीत उभ्या असलेल्या कोणत्याही निरोगी माणसाला घाम येतोच, इंजिनाच्या कंपनाने हात थरथरतातच आणि बेस्टची बस अंगावर आली की छातीही धडधडते. खुर्चीत बसून ज्या लक्षणांवर विसंबता येते, ती दुचाकीवर निरुपयोगी ठरतात.

माझ्या बाबतीत पहिली खूण वेगळीच निघाली. आंबेडकर रस्त्यावर दादर टीटीच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला, तो मला दिसलाही, पण हिरवा दिवा लागला म्हणजे आपण काय करायचे असते, हे काही क्षण सुचेना. मागून हॉर्न वाजू लागले आणि मला त्या लोकांचा विलक्षण राग आला. कशीबशी गाडी डावीकडे ढकलत नेली, तर वाहतूक हवालदाराने जवळ येऊन विचारले, "काय साहेब, सकाळी सकाळीच?" त्यांचाही दोष नाही, मेंदूला ग्लुकोज कमी पडले की माणूस प्यायल्यासारखाच दिसतो आणि बोलतो. खिशातले 'मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो' असे मराठीत लिहिलेले कार्ड दाखवल्यावर त्यांनीच मला दुकानाच्या पायरीवर बसवले आणि उसाचा रस आणून दिला.

डॉक्टरांनी मग न्याहारीची वेळ, इन्सुलिनचा डोस, निघण्याची वेळ आणि आकडे वहीत लिहायला लावले. त्यातून उलगडा झाला तो असा: मी आठ वाजता जलद काम करणारे इन्सुलिन टोचून पोहे खात असे आणि साडेनऊच्या सुमारास निघत असे. या इन्सुलिनचा जोर टोचल्यानंतर साधारण एक ते दोन तासांत सर्वाधिक असतो. म्हणजे तो ऐन रस्त्यात गाठत होता. डॉक्टरांनी सकाळचा डोस थोडा उतरवला. हे त्यांनी केले, मी नव्हे. स्वतःच्या मनाने डोस कमी करून दुपारी साखर ३०० च्या पुढे नेणारे लोक मी दवाखान्यात पाहिले आहेत.

निघण्यापूर्वीचा नियम त्यांनी ब्रिटनमधल्या नियमावरून सुचवला. तिथे इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने निघण्याआधीच्या दोन तासांत आणि पुढे दर दोन तासांनी साखर तपासायची असते आणि आकडा ९० किंवा त्याखाली असेल तर आधी काही खायचे असते आणि ७० च्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर गाडी चालवायचीच नसते. माझ्या दंडावर आता सेन्सर आहे, पण तो रक्तातली नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने उतरत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. म्हणून आकड्याइतकेच मी त्याच्या शेजारच्या, साखर चढते की उतरते हे दाखवणाऱ्या बाणाकडे पाहतो. ११० आणि बाण आडवा असेल तर निघतो. ११० आणि बाण खाली असेल तर काही खाऊन थांबतो. शंका आली की बोटाला सुई, तीही हात धुऊन पुसून, कारण बोटाला आंब्याचा रस लागला असेल तर यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते. जॅकेटची बाही सेन्सरवर घट्ट दाबली गेली तर तो उगाचच कमी आकडा दाखवतो, हेही अनुभवाने कळले.

साखर उतरल्याचा सेन्सरचा फोनवरचा इशारा रस्त्याच्या गोंगाटात ऐकू येत नाही, त्यामुळे थांबण्याच्या जागाच ठरवून टाकल्या आहेत. उड्डाणपुलावर थांबता येत नाही, म्हणून पूल चढण्याआधी डोक्यात जरा जरी गोंधळ वाटला तरी गाडी खालच्या रस्त्याने घेतो. जेजे उड्डाणपुलावर दुचाकीला बंदी असल्याने मोहम्मद अली रोडची कोंडी चुकत नाही. तिथे किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा भायखळ्याला बाजूला घेऊन एकदा आकडा पाहतोच.

खाण्याच्या वस्तूंचे प्रयोग बरेच झाले. चॉकलेट उन्हात वितळते आणि त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायलाही वेळ लागतो. ग्लुकोजची पावडर पावसाळ्यात दगड होते. सध्या फळांच्या पेयाचा छोटा खोका जॅकेटच्या डाव्या खिशात असतो, डिकीत नव्हे. कारण थरथरत्या हाताने डिकीचे कुलूप उघडणे हा एक वेगळाच पराक्रम आहे. खोक्याची नळी हेल्मेटच्या हनुवटीखालून तोंडापर्यंत पोहोचते. साधारण १५ ग्रॅम साखर पोटात घालून १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. इन्सुलिनचे पेन आणि तपासणीच्या पट्ट्याही डिकीच्या भट्टीत कधी ठेवत नाही.

सर्वांत जड जाते ते त्यानंतरचे थांबणे. आकडा ९० च्या वर आला तरी मेंदू पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून त्यापुढे आणखी ४५ मिनिटे गाडी सुरू करायची नाही, हाही त्याच ब्रिटिश नियमाचा भाग आहे. मी किल्ली काढून खिशात ठेवतो आणि कचेरीत फोन करतो. साहेबांना सुरुवातीला ही सबब वाटे; डॉक्टरांचे पत्र दिल्यावर त्यांनी मला सकाळच्या बैठकीतून वगळले. घरी मात्र फोन करावा लागत नाही. सेन्सरचे आकडे सौभाग्यवतींच्या फोनवरही जातात आणि मी खोक्याला नळी लावेपर्यंत तिकडून विचारणा येते, "अहो, गाडी बाजूला घेतलीत ना?"