व्हॉल्व्हचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आणि तानपुऱ्याचा गांधार

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ‘उबदार’ असतो, ‘गोड’ असतो, असे बरेच जण सांगतात, पण ते कशामुळे घडते हे क्वचितच कोणी सांगते. मला ते माझ्या कानांनी आणि जमेल तितके मोजून पडताळायचे होते. त्यासाठी बॉटलहेड या अमेरिकी कंपनीचा ‘क्रॅक’ हा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपात मागवून मी पुण्यात घरीच जोडला. सेनहायझरचा एचडी ६०० हा तीनशे ओहमचा हेडफोन माझ्याकडे आधीपासून होता, आणि ऐकायचे होते ते मुख्यतः ख्यालगायन.

या यंत्रात दोनच व्हॉल्व्ह आहेत. पहिला १२एयू७, ज्याला युरोपात ईसीसी८२ म्हणतात. तो येणाऱ्या सिग्नलचे व्होल्टेज वाढवतो. दुसरा ६०८०. हा ६एएस७ या व्हॉल्व्हचा अधिक दणकट अवतार असून, ही जातच मुळात संगीतासाठी नव्हे, तर विद्युतपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या उपकरणांसाठी जन्माला आली. त्याचा अंतर्गत रोध इतर ट्रायोडच्या, म्हणजे तीन टोकांच्या व्हॉल्व्हच्या, मानाने खूप कमी असतो, आणि म्हणूनच मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर न घालता तो हेडफोन थेट चालवू शकतो. दोन्ही व्हॉल्व्हच्या काचेत दोन-दोन ट्रायोड आहेत. एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. ६०८०चा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टला अडीच अँपिअर खातो, म्हणजे नुसत्या तापण्यातच जवळजवळ सोळा वॅट जातात, आणि एप्रिल महिन्यात बंद खोलीत ते चांगलेच जाणवते.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, कारण सोबतची पुस्तिका उत्तम होती. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आत दीडशे व्होल्टच्या वर डीसी खेळत असते आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ती काही काळ साठून राहते. म्हणून आधी प्लग काढलेल्या अवस्थेत प्रत्येक टोकाचा रोध मोजायचा, तो पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळला तरच वीज द्यायची, आणि मग एक हात पाठीमागे ठेवून व्होल्टेज तपासायचे, हा क्रम मी काटेकोरपणे पाळला. ज्यांना हे करण्याची सवय नाही त्यांनी जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाणे लावण्याआधी मी शांतता ऐकली. इनपुटला काहीही न जोडता आवाज पूर्ण वाढवायचा आणि रात्री सगळे निजल्यावर कान देऊन बसायचे. पहिल्याच रात्री एक बारीक, धारदार करकर ऐकू आली. पंख्याचा वेग बदलला की तिचा पोत बदलत असे आणि पंखा बंद केला की ती पूर्ण थांबत असे. खोलीतला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधूनच तोडतो आणि त्या तुटलेल्या कडा तारांमधून सगळीकडे पसरतात. टप्प्याटप्प्यांनी फिरणारा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवल्यावर ती करकर गेली.

दुसरा आवाज शोधणे अधिक कठीण होते, आणि तो सापडला तो तानपुऱ्यामुळे. मी जुन्या बाजारातून एक जादा ६०८० आणला होता. तो बसवल्यावर शांततेत डाव्या कानात अगदी मंद घुमणे होते, इतके मंद की मी ते सोडूनही दिले असते. पण काळी चार या पट्टीत गाणाऱ्या एका गायिकेचे ध्वनिमुद्रण लावले तेव्हा सुरुवातीच्या नुसत्या तानपुऱ्यात खर्जाची तार विरत जाताना थरथरते आहे, असे वाटू लागले. उजव्या कानात तसे होत नव्हते. हिशेब केल्यावर उलगडा झाला. काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, म्हणजे त्याखालच्या सप्तकातली खर्जाची तार १०४ हर्ट्झची. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तिच्या दुपटीचा घुमणारा आवाज १०० हर्ट्झचा. हे दोन नाद एकमेकांजवळ आले की त्यांच्या फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला चार, आंदोलने होतात. तानपुरा मिळवणारा माणूस जोडाच्या, म्हणजे एकाच षड्जाच्या, दोन तारा लावताना जी लहर ऐकून खुंटी फिरवतो, तीच ही लहर, फक्त इथे दुसरी तार महावितरणची होती. या जोडणीत ६०८०च्या कॅथोडमधूनच, म्हणजे हीटरने तापणाऱ्या टोकातूनच, सिग्नल बाहेर पडतो, त्यामुळे हीटरमधून कॅथोडकडे झिरपणारा सूक्ष्म प्रवाह थेट हेडफोनपर्यंत पोहोचतो. तो व्हॉल्व्ह काढून किटसोबत आलेला मूळचा परत बसवला आणि खर्ज पुन्हा स्थिर झाला.

इतके झाल्यावर खऱ्या अर्थाने ऐकायला बसलो. पहिली छाप विलक्षण होती. डग्ग्याला अंग आले होते, तानपुरा खोलीभर पसरल्यासारखा वाटत होता आणि गळ्याच्या आवाजाला एक भरीवपणा आला होता. माझ्याकडचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर त्यापुढे कोरडा वाटला. पण दोन यंत्रांची तुलना करताना जे किंचित मोठ्याने वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, आणि ही वाढ इतकी थोडी असू शकते की ती मोठेपणा म्हणून नव्हे, गुण म्हणून जाणवते. म्हणून ४०० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावून, हेडफोन जोडलेला असताना त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजून, दोन्ही यंत्रे एक टक्क्याच्या आत जुळवली. साधा मल्टिमीटर वरच्या स्वरांवर भरवशाचा राहत नाही, म्हणून ४००च्या वर गेलो नाही. जुळवल्यावर फरक कमी झाला, पण डग्गा आणि खर्ज अजूनही व्हॉल्व्हवरच भरदार होते.

पुढची पायरी मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वाटते. अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट रोध मोजण्यासाठी मी आधी काहीही न जोडता एक व्होल्ट घेतला आणि मग तीनशे ओहमचा रेझिस्टर जोडला, व्होल्टेज ०.७१वर उतरले. याचा अर्थ यंत्राचा स्वतःचा रोध सुमारे १२० ओहम आहे. माझ्या ट्रान्झिस्टरच्या यंत्राचा तो एक ओहमपेक्षाही कमी आहे. आता एचडी ६०० म्हणायला तीनशे ओहमचा असला तरी तो सगळ्या स्वरांना सारखा नसतो. शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा रोध चढून पाचशे ओहमच्या घरात जातो. मागे १२० ओहम असले की जिथे हेडफोनचा रोध जास्त तिथे त्याच्या वाट्याला व्होल्टेजही जास्त येते. गणित केले तर तो उंचवटा साधारण एक डेसिबलचा भरतो, आणि काळी चारचा खर्ज नेमका त्याच उंचवट्यावर बसतो.

पडताळणी सोपी होती. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेत दोन्ही बाजूंना १२० ओहमचे रेझिस्टर घातले, पातळी पुन्हा जुळवली आणि तेच ध्वनिमुद्रण लावले. डग्ग्याचे अंग आले. खर्ज भरला. काही रुपयांच्या दोन रेझिस्टरांनी ‘उबदारपणा’चा मोठा भाग हजर केला. पत्नी स्विच फिरवत होती आणि मी डोळे मिटून बसलो होतो. तबल्यावर कोणते यंत्र चालू आहे हे मला सांगता येईना. अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन मिळून एकच वाद्य होते, हे मी वाचले होते, पण त्या संध्याकाळी ते कानाला पटले.

तरीही काहीतरी उरत होते, आणि ते तानपुऱ्यात उरत होते. पत्नी गाणे शिकलेली आहे. जागा बदलून ती ऐकायला बसली तेव्हा, कोणते यंत्र आहे हे ठाऊक नसताना, थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, ह्याच्यात जवारी जास्त खुललीय.” व्हॉल्व्ह चालू होता. नंतरही आम्ही दोघांनी आलटून पालटून ऐकले. दरवेळी नव्हे, पण बहुतेक वेळा आम्हाला ते ओळखता आले, आणि तेही आवाज जरा चढा असेल तरच.

जवारी म्हणजे काय ते तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवताना पाहिले की कळते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा केसभर पुढेमागे केला की एका जागी तार एकदम बोलू लागते आणि मूळ स्वरासोबत त्याच्या पटीतले सहायक नाद उमलतात. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून ही जागा तयार करतात. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खर्जाचा दुसरा सहायक नाद म्हणजे षड्ज, तिसरा पंचम, आणि पाचवा तार सप्तकातला गांधार, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. काळी चारच्या तानपुऱ्यात तो ५१९ हर्ट्झच्या जवळ येतो. तो कोणी छेडलेला नसतो, तरी लागलेल्या तानपुऱ्यात स्पष्ट ऐकू येतो.

ट्रायोड या यंत्रातल्यासारखा वापरला की त्यात जी विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर, येते ती मुख्यतः दुसऱ्या क्रमाची असते. एका स्वरापुरते पाहिले तर ती म्हणजे त्याच स्वराची दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, आणि तो कानाला खुपत नाही. पण दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा स्वरही तयार होतो. २०८चा षड्ज आणि ३११चा पंचम यांची बेरीज ५१९. म्हणजे गांधार! पंचमात मिळवलेल्या तानपुऱ्यात जे आधीच आहे, त्यालाच हा व्हॉल्व्ह चिमूटभर हातभार लावतो, असा माझा कयास आहे. हा कयास पक्का वाटण्याचे एक कारण आहे. मालकंसासाठी मध्यमात मिळवलेल्या तानपुऱ्यावर आम्हाला हा फरक जवळजवळ जाणवला नाही. षड्ज आणि शुद्ध मध्यम यांची बेरीज रिषभ आणि कोमल गांधार यांच्या मधोमध कुठेतरी पडते, तिला तानपुऱ्यात आधार मिळत नाही.

यातूनच या यंत्राची मर्यादाही समजते. एकटा गळा, सारंगी किंवा हार्मोनियमची साथ आणि पंचमाचा तानपुरा असेल तर ते उत्तम जुळते. तेच, व्हायोलिनांचा ताफा, गिटार, कोरस आणि तालवाद्ये यांनी गच्च भरलेले चित्रपटसंगीत चढ्या आवाजात लावले की वाद्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात, कारण बेरीज-वजाबाकीचे स्वर तिथे कुठेही पडतात. अशा संगीतासाठी मी निःसंकोचपणे ट्रान्झिस्टरकडे वळतो.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल मला विशेष उत्सुकता होती. १९३७ साली निवर्तलेल्या आणि मिरजेत विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन-तीन मिनिटांची ध्वनिमुद्रणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. व्हॉल्व्हमुळे तबकडीची सरसर मावळते, असे सांगणारे भेटतात. मला ती जराही कमी झालेली आढळली नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. त्या मुद्रणात खालचे स्वर फारसे उतरलेलेच नाहीत, त्यामुळे हेडफोनचा तो उंचवटाही तिथे काही भर घालत नाही. खाँसाहेबांचा षड्ज दोन्ही यंत्रांवर सारखाच काळजात उतरतो.

हेडफोन निवडण्याबाबत थोडे. बत्तीस ओहमचा हेडफोन या यंत्राला लावून पाहिला, तेव्हा डग्गा ढोलासारखा फुगला आणि गायकाचा आवाज त्यामागे गेला. १२० ओहमच्या पुढे बत्तीस ओहम ठेवले की हेडफोनच्या रोधातला लहानसा चढउतारही आवाजात मोठा होऊन येतो. अडीचशे, तीनशे किंवा सहाशे ओहमचे हेडफोन असतील तरच या मार्गाचा विचार करावा. कानात घालायचे छोटे इअरफोन तर याला लावूच नयेत.

व्हॉल्व्ह शेकडो तास चालल्यावर आवाज उमलतो, असाही एक समज आहे. मला पहिल्या अर्ध्या तासातला बदल मात्र नक्की जाणवतो आणि मीटरवर व्होल्टेज स्थिर होतानाही दिसते. त्यापुढचे मला ऐकू आले नाही. १२एयू७च्या जागी वेगवेगळ्या कारखान्यांचे नग घालून पाहिले. पातळी जुळवल्यावर त्यांच्यातला फरक बहुतांशी मिटला; एक मात्र बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजत असे, तो बाजूला ठेवला.

सध्या दोन्ही यंत्रे मेजावर आहेत आणि मध्ये एक स्विच आहे. रेझिस्टरही तसेच जोडलेले ठेवले आहेत, कारण रात्री उशिरा, अगदी हळू आवाजात ऐकताना व्हॉल्व्ह तापवत बसण्यापेक्षा तेवढ्याने काम भागते. पंचमाचा तानपुरा असेल आणि विलंबित सविस्तर ऐकायचे असेल, तर अर्धा तास आधी क्रॅक चालू करतो.