चौतीस किलो आणि दांडिया बाजारातला जिना

आश्विनातल्या नऊ रात्री गरब्याच्या मैदानावर उभे राहून बेस गिटार वाजवल्यानंतर दसऱ्याला सोने द्यायला वाकणेही जड जाते. बडोद्यातल्या आम्हा वादकांना त्यानंतर जेमतेम पाच दिवसांची विश्रांती मिळते, कारण पौर्णिमेला एकीकडे सोसायट्यांच्या मैदानांत शरद पूनमचा गरबा असतो आणि दुसरीकडे जुन्या मराठी वाड्यांच्या गच्च्यांवर कोजागिरीची गाणी होतात. वाजवणारे मात्र दोन्हीकडे तेच. गेल्या कोजागिरीला मी गरबा घेतला नव्हता. दुपारी चार वाजता एका सभागृहात एका कंपनीचे कौटुंबिक संमेलन आणि रात्री आठ वाजता दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या गच्चीवर भावगीते, एवढे दोनच कार्यक्रम होते, आणि डायरीत लिहून ठेवताना हा दिवस मला हलका वाटला होता.

त्या दिवशी माझा भाचा बरोबर होता. तो इथेच विद्यापीठात शिकतो, वर्षभरापासून बेस चांगला वाजवतो, आणि दसऱ्यानंतर तो माझ्याकडे खरेदीची यादी घेऊन आला होता. यादीत दहा इंची चार स्पीकरांचे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरांची पेटी होती, हजार वॅटचा अँप, म्हणजे अँप्लिफायर होता, आवाजाचा पोत बदलणारी, पायाने दाबायची सहा पेडल होती आणि गिटारीसाठी लाकडी पेटी होती. मी त्याला म्हणालो, "कोजागिरीला माझ्याबरोबर चल. सामान तू उचल. मग यादीवर बोलू." यात थोडा माझा स्वार्थही होता, कारण माझा नेहमीचा हलका अँप गरब्याच्या आठव्या रात्री बंद पडून दुरुस्तीला गेला होता आणि मला माळ्यावरचा जुना कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला, काढावा लागला होता. पंधरा इंची स्पीकर, जाड प्लायवूडची पेटी आणि आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर, असा तो ऐवज मी एकदा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिला होता. वजन चौतीस किलो भरले होते.

दुरुस्तीला दिलेला अँप दीड किलोचा आहे आणि ५०० वॅटचा आहे, यावर भाच्याचा विश्वास बसत नव्हता. जुन्या अँपमधले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून काम करतात आणि घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवतात, तर दुरुस्तीला दिलेल्या अँपच्या 'क्लास डी' प्रकारात ते सेकंदाला लाखो वेळा पूर्ण उघडतात आणि पूर्ण बंद होतात, त्यामुळे उष्णता निवण्यासाठी लागणारे ॲल्युमिनियमचे मोठे ओंडके लागत नाहीत, आणि वीजपुरवठाही त्याच तत्त्वाचा असल्याने ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. त्याच्या हजार वॅटच्या हट्टाबद्दल मी एवढेच सांगितले, की वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, तो तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाढलेला जेमतेम कळतो.

सभागृहातला कार्यक्रम सांगण्यासारखा नाही. लिफ्ट होती, रंगमंच मोठा होता, कॉम्बोला चाके होती. कॉम्बोच्या मागून सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरकडे तार जोडताच स्पीकरमधून पन्नास हर्ट्‌झची भुणभुण सुरू झाली, कारण आमचा प्लग रंगमंचावरच्या बोर्डात होता, मिक्सरचा मागच्या भिंतीतल्या बोर्डात, आणि दोघांच्या अर्थिंगचे तारेतून वर्तुळ पूर्ण झाले होते. मी मधे वाद्याचा आवाज मिक्सरकडे पोचवणारा डीआय बॉक्स लावला, त्याच्यावरची ग्राउंड लिफ्टची, म्हणजे अर्थिंगची जोड तोडणारी कळ सरकवली आणि भुणभुण थांबली. विड्याच्या डब्याएवढी ती पत्र्याची पेटी. भाच्याच्या यादीत ती नव्हती.

साडेसहाला निघालो. कॉम्बोने रिक्षाची अख्खी मागची बैठक व्यापली, भाचा गिटार गुडघ्यांत धरून रिक्षावाल्याशेजारी बसला आणि मी स्कूटरवरून मागे. वाड्याच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, कारण आत एका बाजूला मोटारसायकली आणि दुसऱ्या बाजूला गाय उभी होती. फरसबंदीवर कॉम्बोची चाके चालेनात. दोघांनी दोन बाजूंनी धरून तो दिंडी दरवाजातून आत, चौकात आणला, आणि मग आम्हाला जिना दिसला.

जुन्या वाड्यांचे जिने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वर्णनाची गरज नाही. दोन भिंतींच्या मधे कोंडलेला, लाकडी, शिडीइतका उभा, हाताला धरायला वरून सोडलेला दोर, आणि प्रत्येक मजल्यावर काटकोनात वळण. पहिला मजला आम्ही चढलो. भाचा खाली होता आणि वजन सगळे त्याच्या छातीवर येत होते. दुसऱ्याच्या वळणावर कॉम्बो आडवा अडकला; ना वर जाईना, ना खाली. मागून तबलजी जोडी घेऊन आले आणि पायरीवर बसून वाट पाहू लागले. वाड्याच्या मालकीणबाई, वय ऐंशीच्या पुढे, वरून वाकून म्हणाल्या, "अहो, ती पेटी खालीच राहू द्या. सासूबाईंचं कपाटसुद्धा ह्या जिन्यानं वर आलं नाही, बाहेरून दोर लावून चढवलं होतं!"

त्या वळणावर घाम पुसताना मला हसू आले, आणि भाच्याने कारण विचारले म्हणून मी सांगितले. हे वाद्यच मुळात उचलून नेता यावे म्हणून जन्माला आले. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा बेसवादक माणसाहून उंच लाकडी डबल बेस गाडीच्या टपावर बांधून गावोगाव नेत असत. त्याऐवजी काखेत मावणारे, दांडीवरच्या पडद्यांमुळे सूर नेमका लागणारे वाद्य त्याने दिले. पण त्या वाद्याला आवाज अँपमधून काढावा लागतो, आणि १९६९ साली अँपेगचा एसव्हीटी आला तेव्हा ३०० वॅटसाठी नुसता अँपच चाळीस किलोच्या घरात गेला होता, आठ स्पीकरांचे कॅबिनेट वेगळेच. खांद्यावरून उतरवलेले ओझे अशा रीतीने पुन्हा खांद्यावर आले. भाचा म्हणाला, "मामा, आधी हा खाली घेऊ या." कॉम्बो आम्ही चौकात तुळशीवृंदावनाजवळ ठेवला.

वर गेले ते एवढेच: पाठीवरच्या मऊ पिशवीत गिटार, आणि खांद्याच्या झोळीत डीआय बॉक्स, दोन जॅकच्या तारा, मिक्सरकडे जाणारी एक लांब तार, ट्यूनर, गिटारीच्या तारांचा एक जादा संच आणि काळ्या चिकटपट्टीचे रीळ. दोन्ही हात दोराला मोकळे होते. भाच्याच्या यादीतली लाकडी पेटी असती तर एक हात तिलाच गेला असता.

गच्चीवर मिक्सर मांडला होता आणि दोन बाजूंना बारा इंची स्पीकर उभे होते. गायिका ताईंनी माइकला ओठ लावले आणि दचकून मागे सरल्या, ओठांना मुंग्या आल्या म्हणाल्या. साउंडवाल्या मुलाने मीटर काढला, एक काडी मिक्सरच्या पत्र्याला आणि दुसरी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पाइपाला लावली, आणि आकडा शंभराच्या पुढे गेला. "काका, अहीं अर्थिंगज नथी," तो म्हणाला. आजकालच्या स्विचिंग वीजपुरवठ्यांत गाळणीचे कपॅसिटर असतात, आणि अर्थिंग नसले की पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तारांवर बोटे आणि माइकला ओठ अशा अवस्थेत तो खेळ करू नये. खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फ्रिजसाठी नव्याने केलेली तीन पिनांची जोडणी होती. तिथून बोर्ड ओढला, मीटर शून्यावर आला. माझा डीआय पॅसिव्ह, म्हणजे आत नुसता एक छोटा ट्रान्सफॉर्मर, त्याला ना बॅटरी लागते ना मिक्सरकडून ४८ व्होल्ट. आणि त्या मिक्सरवर ४८ व्होल्टची सोयच नव्हती. ॲक्टिव्ह, म्हणजे वीज लागणारा डीआय काही गिटारींना अधिक मानवतो हे मला मान्य आहे, पण दुसऱ्याच्या मिक्सरच्या भरवशावर फिरणाऱ्याने पॅसिव्ह बाळगावा असे माझे मत आहे.

पाठीशी अँप नाही म्हणजे बेस ऐकू येणार का, ही भाच्याची शंका रास्त होती. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्‌झची असते, आणि ते स्पीकर तिथपर्यंत उतरणारे नव्हते. पण तारेत मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूरही वाजत असतात, आणि ८२ व १२३ हर्ट्‌झ कानावर पडले की खालचा ४१ मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणून मी साउंडवाल्याला माझ्या चॅनेलची अगदी खालची बाजू उलट कापायला लावली. ज्या कंपनांना आवाज देणे त्या स्पीकरला झेपणार नव्हते, त्यांच्यापायी त्याचा कागदी पडदा उगाच हेलकावे खात राहिला असता आणि ताईंचा आवाज त्यात थरथरला असता. भाच्याला मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पाठवले. परत येऊन तो म्हणाला, "तिथं तर दुपारपेक्षा स्वच्छ येतंय." पायाखाली जो धक्का जाणवतो तो मात्र नव्हता, आणि त्याची मला चुटपुट लागली, हेही लिहिले पाहिजे.

पाचव्या गाण्याच्या अंतऱ्यात माझा आवाज फाटला. आधी जोरात छेडलेले सूर खरखरले, मग सगळेच, आणि ध्रुवपदापर्यंत गिटार जवळजवळ मुकी झाली. भाच्याने तार तपासली, डीआय तपासला. चूक माझी होती. माझी गिटार ॲक्टिव्ह आहे, तिच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते, आणि जॅक खुपसला की ती चालू होते. वेगळी कळ नसते. गरब्याच्या शेवटच्या रात्रीनंतर पहाटे घरी येऊन मी गिटार जॅकची तार खुपसलेलीच भिंतीशी टेकवली होती आणि कोजागिरीच्या सकाळपर्यंत पाहिली नव्हती. बॅटरी मुळात नवरात्राच्या आधीची, त्यात पाच दिवस ती गुपचूप झिजत राहिली. वीस वर्षे इतरांना हे बजावणाऱ्या माझ्या झोळीत जादा बॅटरी नव्हती, आणि रात्री नऊला दांडिया बाजारात दुकाने उघडी असली तरी खाली जाऊन येण्यात दोन गाणी गेली असती. साउंडवाल्याने काही न बोलता मीटरचे मागचे झाकण उघडले आणि आतली नऊ व्होल्टची बॅटरी माझ्या हातात ठेवली. दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात ती बदलून झाली.

दहाला सगळे बंद करावे लागले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, हा नियम २००० सालापासून आहे आणि समोरच्या घरात लहान मूल होते. पण चंद्र आता कुठे डोक्यावर येत होता, केशर घातलेले दूध अजून आटत होते, आणि बैठकीतून एकामागून एक फर्माइशी येऊ लागल्या. बाजाची पेटी आणि तबल्याला विजेची गरज नाही. भरीव लाकडी ठोकळ्याच्या बेस गिटारीचा आवाज मात्र विजेवाचून हातभर अंतरावरही पोचत नाही, म्हणून मी ती पिशवीत भरायला घेतली. मग एक जुनी युक्ती आठवली. गच्चीवर उघडणारे दार सागवानी होते, दोन फळ्यांचे, शंभर वर्षांचे तरी असावे. मी दाराशी स्टूल घेऊन बसलो आणि गिटारीचे डोके, जिथे खुंट्या असतात ते टोक, दाराच्या फळीला घट्ट टेकवले. तारांची थरथर फळीत उतरली आणि सबंध दार घुमू लागले. आवाज फार मोठा नव्हता, पण बाजाच्या पेटीच्या सुरांखाली नीट बसत होता. मालकीणबाई दाराजवळच बसल्या होत्या. त्यांनी फळीवर तळहात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

बारा वाजून गेल्यावर खाली आलो, तेव्हा चौकात कॉम्बोवर कोणीतरी सुती टेबलक्लॉथ अंथरून दुधाचे रिकामे पेले मांडले होते. ते उतरवून, पेटी पुसून, आम्ही ती गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. भाचा वाटेत तीन वेळा थांबला.

पुढच्या आठवड्यात यादी नव्याने झाली. पहिल्या दिवशी पॅसिव्ह डीआय, दोन पट्ट्यांची पाठीवरची पिशवी आणि नऊ व्होल्टच्या चार बॅटऱ्या घेतल्या. चार स्पीकरांच्या कॅबिनेटऐवजी हलक्या निओडिमियम चुंबकाचे बारा इंची एकच कॅबिनेट ठरले, बारा किलोचे आणि मुद्दाम आठ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप), कारण पुढे तसेच दुसरे जोडले की दोन्ही मिळून चार ओहम होतात आणि त्याच अँपमधून जवळजवळ दुप्पट वॅट निघतात. मोठ्या मैदानासाठी दोन, गच्चीसाठी एक किंवा एकही नाही. अँप माझा दुरुस्त होऊन आला की तोच तो वापरणार आहे. सहा पेडलांपैकी पाच त्याने स्वतःच खोडली, सहाव्यावर मात्र अडून बसला. मी हरकत घेतली नाही. ते खिशात मावते.